पोत्याचं आठवं वर्ष

"मान भादरायची म्हणजे? मग तो दिसणार कसा? अर्धवट सोललेल्या बटाट्यासारखा?"

फळीपलीकडे मास्तर कुरकुरत होते. माझं शिवणाचं दुकान आणि कुत्र्या-मांजरांचा दवाखाना यांच्यामध्ये एकच लाकडी फळी आहे. त्यामुळे कुणाला जंत झालेत आणि कुणाचं बिस्किटं खाऊन पोट सुटलंय, हे मला न विचारता कळत राहतं.

"बोटभर जागा हो, मास्तर," डॉक्टरबाई सांगत होत्या. "महिन्याभरात केस येतात. काम दहा मिनिटांचं. तुमच्या वकिलाचं वजन अडतीस किलो, वय चार, लसी सगळ्या झालेल्या. थेंबभर रक्त ताडून पाहिलं, तेही जुळलं."

"जुळलं म्हणून लगेच लग्न लावायचं का?"

वकील म्हणजे मास्तरांचा कुत्रा. दाराच्या घंटीशी, वाऱ्याशी, स्वतःच्या शेपटीशी, कशाशीही वाद घालतो म्हणून वकील. रक्त हवं होतं बेकरीवाल्याच्या कुत्रीला, बटणाला. गोचिडांचा ताप झालेला. सोमवारी तिच्या हिरड्या गुलाबी होत्या, आज गुरुवारी कागदासारख्या पांढऱ्या. संध्याकाळपर्यंत रक्त चढलं नाही, तर पुढचं मी सांगू शकत नाही, असं डॉक्टरबाई मघाशीच म्हणाल्या होत्या. फार हळू म्हणाल्या, पण फळी ती फळीच.

मी मशीन थांबवलं.

गेली दोन वर्षं मी गल्लीभर हेच तुणतुणं वाजवत फिरतेय. तुमचा कुत्रा धडधाकट आहे ना, मग देऊ द्या त्याला रक्त. भादरलेली जागा झाकायला उरलेल्या कापडाचे डझनभर रुमालसुद्धा शिवून ठेवले. लोकांनी रुमालांचं कौतुक केलं. बसड्रायव्हरची बायको म्हणाली, आमचा आधीच नाजूक आहे हो. तिच्या नाजुकानं मागच्याच आठवड्यात फाटक बिजागरीसकट उपटलं होतं. औषधवाला म्हणाला, त्याला सुईची भीती वाटते. मी विचारलं, त्याला की तुम्हाला? तेव्हापासून तो मला सुट्टे पैसे देत नाही. डझनातले चार रुमाल वापरले गेले. चारही एकाच गळ्यात. आमच्या पोत्याच्या.

मी दवाखान्यात शिरले. कात्री हातातच राहिली होती, त्यामुळे मास्तर जरा सरकून बसले. कोपऱ्यात बेकरीवाला मांडीवर बटणाला घेऊन बसला होता. त्याच्या हाताचं पीठ तिच्या काळ्या पाठीला लागलं होतं, आणि एरवी लगेच झटकणारी बटण तशीच पडून होती.

"या ताई," मास्तर म्हणाले. "तुमचीच उणीव होती."

"मास्तर, नक्की अडतंय कुठे? बटाट्यावर?"

मास्तरांनी वकिलाच्या कानामागे खाजवलं. आवाज खाली आला. "माझं मागितलं असतं तर बाही वर केली असती मी. पण याला कुणी विचारायचं? त्याला बोलता येत नाही."

हे मात्र खरं होतं. मी कात्री खाली ठेवली.

"त्याच्या वतीनं आपणच बोलतो ना रोज? लस टोचताना, नखं कापताना. इथे कुणी त्याला बांधून ठेवत नाही. अंग चोरायला लागला की डॉक्टरबाई सोडून देतात. चार वेळा मी स्वतः डोकं धरून उभी होते. आणि बटणाला तरी कुठे मागता येतंय?"

मास्तर दाराकडे बोट करून म्हणाले, "तुमचं पोतं आहे की. नेहमीचं."

पोतं माझ्या मागोमाग येऊन उंबऱ्यात पसरलं होतं. म्हणून तर ते नाव. बेकरीवाल्यानं मान वर केली. कंपाउंडरनं केस कापायचं मशीन उचललं. डॉक्टरबाईंनी रक्त देणाऱ्यांच्या गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं कार्ड काढलं, पेनाचं टोपण उघडलं.

"वय?"

"आठ," मी म्हणाले.

गेल्या वर्षी आठच म्हणाले होते. त्याच्या आदल्या वर्षीही. आठाच्या पुढचा कुत्रा घेत नाहीत, हे भिंतीवरच्या फलकावर माझ्याच अक्षरात लिहिलंय. पोतं सापडलं तेव्हा चांगलं वाढलेलं होतं, त्यामुळे वय माझ्या तोंडी. दुसरं कुणी देत नव्हतं, हे एक कारण. दुसरं असं, की आठ म्हटलं की त्याची बरीच वर्षं माझ्याकडे शिल्लक राहायची.

डॉक्टरबाईंनी टोपण लावलं. पुन्हा उघडलं. लिहिलं काहीच नाही.

मशीनचा आवाज ओळखून पोतं उठलं आणि नेहमीसारखं आपणहून टेबलाशेजारच्या पायरीवर चढायला गेलं. मागचे पाय घसरले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, शेपटी हलवली, पुन्हा चढायला गेलं, पुन्हा घसरलं. कंपाउंडर छताकडे पाहू लागला. बेकरीवाला बटणाचे कान नीट करू लागला. मी पोत्याच्या पोटाखाली हात घातला, आणि तो हात मला वर उचलवेना.

मास्तर उठले. कुणाकडे न पाहता त्यांनी वकिलाची दोरी कंपाउंडरच्या हातात दिली.

"घ्या याला. रिकामाच असतो दिवसभर." मग माझ्याकडे वळून, "पण रुमाल निळा पाहिजे. फुलाफुलांचा चालणार नाही, सांगून ठेवतो."

वकिलानं मशीनशी वाद घातला, कापसाशी घातला. मग मास्तरांनी त्याचं डोकं छातीशी धरलं आणि तो सगळी दहा मिनिटं त्यांचं बटण चाटत बसला, शर्टाचं. पिशवी भरत गेली. सुई निघाल्यावर वाडगाभर खाणं फस्त करून त्यानं वाडग्याशीही भांडण काढलं.

तासाभरानं बटणाच्या पायात थेंब थेंब रक्त जात होतं. बेकरीवाल्यानं तिचा ओठ उचलून पाहिला, मला दाखवला. अजून गुलाबी नव्हता. पण तिनं त्याचं बोट झटकलं, आणि तो रडायला लागला.

मी निळा रुमाल मास्तरांना दिला, आणि उरलेले सात पिशवीत भरले. बसड्रायव्हरच्या घरापासून सुरुवात करायची होती. तिथलं फाटक तसंही उघडंच होतं.

"पोत्याचं कार्ड कुठे ठेवू?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "वरतीच, नेहमीसारखं?"

पोतं माझ्या पायावर डोकं टेकून झोपलं होतं.

"नको. वरती वकिलाचं ठेवा," मी म्हणाले. "आमचं पोतं दहा वर्षांचं आहे. म्हातारं झालंय."