रिकाम्या शब्दातला पाहुणा

"या विश्वात रिकामं असं काहीही नाही," मूळव्याधांनी जाहीर केलं. "पोकळी ही माणसाच्या आळशी नजरेची कल्पना आहे. जिथे आपल्याला काही दिसत नाही, तिथेही काहीतरी बसलेलंच असतं."

एवढं बोलून त्यांनी कप तोंडाला लावला. तो रिकामा होता. तळाशी काहीतरी बसलेलं होतं खरं, पण ते पिण्याजोगं नव्हतं.

मूळव्याध हे काही त्यांचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत सांगणाऱ्या एका जाडजूड कोशाचं काम त्या कार्यालयात कित्येक वर्षं चाललं होतं, आणि प्रत्येक शब्दाचं मूळ शोधायची जबाबदारी यांच्याकडे होती. मुळांची व्याधी जडलेला माणूस, म्हणून मूळव्याध. समोरच्या टेबलावर शब्दांचे अर्थ लिहिणारे गृहस्थ बसत. ते अर्थमंत्री. त्यांच्या खिशात कधी दमडी नसे, तरी हे नाव त्यांनी अभिमानाने मिरवलं होतं.

"एम्प्टी झाला का?" संपादकबाईंनी काचेच्या दारातून डोकं काढून विचारलं.

"कप झालाय. शब्द व्हायचाय."

बाई हसल्या नाहीत. कोश इतकी वर्षं पाचव्या अक्षरात अडकला होता की त्यांचं हसू पहिल्या चारांतच संपलं होतं.

अर्थमंत्र्यांनी आपला कागद पुढे सरकवला. "माझं तयार आहे. भांडं असेल तर रिकामं, घर असेल तर ओस, वचन असेल तर पोकळ, पोट असेल तर उपाशी. झालं."

"चुकलास. भांड्यापासून सुरुवात केलीस."

"मग कशापासून करू? भांडंच रिकामं असतं."

"आधी माणूस रिकामा होता," मूळव्याध म्हणाले आणि त्यांचे थकलेले डोळे जरा उजळले. "या शब्दाचा जुना अर्थ बघ. सवड असलेला. ज्याला काही करावंच लागत नाही असा. माणसाला सवड असते, मग जागेला सवड असते, मग भांड्याला. आणि पूर्वी त्या शब्दात 'प'सुद्धा नव्हता. एमेटिग असं काहीतरी म्हणायचे. पुढे बोलता बोलता 'म' आणि 'ट' यांच्यामध्ये फट पडली आणि हा 'प' तिथे येऊन बसला. कुणी बोलावलं नव्हतं, काही काम नव्हतं. बसला तो बसला."

"म्हणजे रिकाम्या शब्दातसुद्धा पाहुणा!"

"फट दिसली ना."

"आपल्याकडे तरी वेगळं काय आहे?" अर्थमंत्री म्हणाले. "डबाही रिकामा आणि माणूसही रिकामा."

"पण आपल्याकडे डब्याला कुणी टाकून बोलत नाही."

तेवढ्यात मूळव्याधांचा फोन वाजला. पलीकडे दादा होते, म्हणजे थोरले बंधू. ते घरं बांधायचे ठेके घेत आणि कुणाशीही बोलताना तिसऱ्या मजल्यावरच्या गवंड्याला ऐकू जाईल असंच बोलत. फोन कानाला लावायची गरज नव्हती. अर्थमंत्र्यांनाही सगळं नीट ऐकू आलं.

"बाळ्या! संध्याकाळी येतोय ताईला न्यायला. सुनेचे दिवस भरत आलेत, घरात बाईमाणूस हवं. बॅग भरून ठेवायला सांग. ती रिकामीच आहे ना आता?"

"हो... म्हणजे... बघू."

"झालं तर मग," म्हणून दादांनी फोन ठेवला. मूळव्याधांच्या 'बघू'चा अर्थ दादांच्या कोशात लहानपणापासून 'हो' असाच होता.

ताई या दोघांच्या मधली. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ती शिकत होती. शिक्षण काय, नंतरही होतं, असं ठरलं. मग काकूंचं मोडलेलं खुब्याचं हाड आलं, मग वहिनींचं शेवटचं दुखणं, मग दादांच्या मुलांच्या परीक्षा, आणि शेवटी आई. आईला औषधं फक्त ताईच्या हातची चालत. दर वेळी घरात बैठक भरे, जो तो आपापली कामं मोठ्या आवाजात सांगे, आणि मग कुणीतरी म्हणे, "ताई आहे की. ती काय, रिकामीच." रिकामी असण्याच्या या नोकरीतून तिला आजवर एक दिवसाची रजा मिळाली नव्हती.

खरं तर लग्न मूळव्याधांचंही झालं नव्हतं. पण त्यांच्याबद्दल घरात 'तो अभ्यासात बुडालाय' असं म्हणत. बुडालेल्या माणसाला हाका मारून उपयोग नसतो.

आई जाऊन आता दोन महिने होत आले होते.

संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. बाल्कनीत नव्हतं. आईच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आईची चाकांची खाट भाड्याने आणलेली, ती परत गेली होती. फरशीवर चाकांचे चार काळे डाग, भिंतीवर सलाइनची बाटली अडकवायचा खिळा, बाकी खोली मोकळी. मधोमध स्वयंपाकघरातली एक खुर्ची आणि खुर्चीवर ताई. हातात वर्तमानपत्र नाही, मांडीवर निवडायला भाजी नाही, सुई नाही, दोरा नाही.

मूळव्याध घाबरले. ताईला बसलेलं त्यांनी पूर्वीही पाहिलं होतं, पण नेहमी कुणाच्या तरी उशाशी.

"काय झालं गं?"

"कुठे काय."

"बरं नाही का?"

"बसलेय."

"कशाला?"

ताईने खरोखरच विचार केला. "कशालाच नाही," ती म्हणाली. "दुपारी बसले. बरं वाटलं. मग उठलेच नाही."

मूळव्याध चौकटीला टेकले. खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. "दादाचा फोन आला होता."

"मलाही आला. म्हणाला, सून या आठवड्यात मोकळी होईल." ताई खिडकीकडे बघत होती. "ती मोकळी व्हायची आणि मी अडकायची. बाळंतपण, मग बाळाचं न्हाणं, मग त्याचं रांगणं. ते शाळेत जाईपर्यंत कुणी मला परत पाठवेल असं वाटतं तुला?"

मूळव्याधांना तसं वाटत नव्हतं.

"बाळ, मी दमलेय रे. झोपून जाईल असा थकवा नाही हा. बसून जाईल असं वाटतंय, पण बरेच दिवस बसावं लागेल. या वेळी तू सांगशील त्याला? मी सांगायला गेले की मला रडू येतं. आणि रडू आलं की तो म्हणतो, बघ, एकटेपणाने होतंय हे, चल तिकडे, पोरात मन रमेल."

दादांना नाही म्हणायचं! कधीकाळी दादांनी त्यांचा पतंग मागितला होता, तेव्हा त्यांनी मांजाही दिला होता. पण ताईने आयुष्यात त्यांच्याकडे काही मागितल्याचं त्यांना आठवेना.

"सांगतो," ते म्हणाले. आणि धीर यावा म्हणून पुढे म्हणाले, "तुला माहितेय, ग्रीक लोक आज रिकाम्याला जो शब्द वापरतात, त्याचा मूळ अर्थ निर्भय असा होता."

"असेल," ताई म्हणाली.

मग त्यांनी तिला एमेटिगची गोष्ट सांगितली, 'प' कसा घुसला तेही सांगितलं. ताईने डोळे मिटून ऐकलं.

"मग पुढे गेला का तो 'प'?"

"कुठला जातोय. अजून आहे. घाईत बोललं तर ऐकू येत नाही इतकंच."

खाली गाडीचा भोंगा वाजला.

दादा आले ते चपलांसकट. "बाळ्या! बॅग कुठाय? आणि ही अशी काय बसलीय?"

"दादा," मूळव्याधांनी घसा साफ केला, "आधी आपण शब्द नीट समजून घेऊ."

"कुठला शब्द?"

"रिकामा."

"अरे गाडी रस्त्यात उभी आहे!"

"दोनच मिनिटं. तू ताईला रिकामी म्हणतोस. पण इंग्रजीत रिकाम्याला जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ रिता असा नाहीच. मूळ अर्थ असा, की ज्याला सवड आहे, ज्याच्यावर कसली जबाबदारी नाही, ज्याचं लग्न झालेलं नाही..."

आपलं वाक्य कुठे चाललंय हे मूळव्याधांना कळलं, पण तोवर ते पोचलं होतं.

"मग मी वेगळं काय म्हणतोय?" दादांचा चेहरा फुलला. "सवड आहे, जबाबदारी नाही, लग्न नाही. म्हणजे इंग्रजांनाही आपली ताई माहीत होती! चल गं, आटप."

"नाही, नाही, मुद्दा असा आहे, की ते रिकामपण तिच्या मालकीचं आहे. मोकळी जागा दिसली म्हणून लगेच कुणी तिथे बांधकाम करायला धावत नाही..."

"मी धावतो," दादा म्हणाले. "धंदाच आहे माझा."

आणि दादा तिथेच थांबले नाहीत.

"आणि तुझी तळमळ न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? ती गेली तर तुझा डबा कोण करणार, हेच ना? मुळं कसली खणतोस, सरळ सांग की."

मूळव्याधांच्या खांद्याला अजून कार्यालयाची पिशवी होती. तिच्यात डबा होता. सकाळी ताईने भरलेला आणि दुपारी त्यांनी रिकामा केलेला. ते दचकले तसा तो आत खडखडला. ताईनेही ऐकलं.

"डबा..." ते म्हणाले. आवाज खालच्या मजल्यावरून आल्यासारखा येत होता. "डबा उद्यापासून माझा मी करीन."

"तू? तुला अंडं तरी उकडता येतं का?"

"नाही. पण ताई येणार नाही."

"येणार नाही म्हणजे काय?"

"नाही म्हणजे नाही, दादा. याला मूळबीळ काही नाही."

दादा धाकट्याकडे बघतच राहिले. घरात कुणीतरी भिंत हलवून ठेवावी तसे. मग त्यांनी मोर्चा वळवला. "ताई, तूच सांग. तुला इथे काही काम आहे का?"

"आहे."

"काय?"

"बसलेय."

मूळव्याधांनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. कोरडे होते. आवाजही चढला नव्हता. किती वाजले विचारल्यावर सांगावं तसं तिने सांगितलं.

"हे काय काम झालं?" दादा म्हणाले, पण त्यांच्या आवाजातून तिसरा मजला उतरला होता.

"मला जमतंय की नाही ते बघतेय. इतकी वर्षं कुणी शिकवलं नव्हतं."

दादांनी बसायला जागा शोधली. खोलीत जागाच जागा होती, पण बसायला काही नव्हतं. ते चाकांच्या डागांपाशी उभे राहिले. त्यांचेही गुडघे आता बोलू लागले होते. साठी त्यांनीही ओलांडली होती, आणि घरातला गोंधळ निस्तरायला त्यांना ताईखेरीज दुसरी युक्ती कधी सुचलीच नव्हती.

"मग बाईच ठेवावी लागेल कामाला," ते स्वतःशीच म्हणाले.

"ठेव," ताई म्हणाली. "चांगली बघून ठेव. आणि तिला रविवारची सुट्टी दे."

खालून भोंगे ऐकू येऊ लागले. आता ते दादांच्या गाडीचे नव्हते, तिच्यामागे अडकलेल्यांचे होते. दादांनी खिशात किल्ली चाचपली, मूळव्याधांकडे पाहून मान हलवली आणि दाराकडे निघाले. मूळव्याधांनी पिशवी खांद्यावरून उतरवली. ताईने पाय लांब केले आणि पाठ टेकली.

उंबऱ्यावर दादा थबकले. वळले. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले,

"ताई, तू बसलीच आहेस तर... बसल्या बसल्या लोकरीचं एक टोपडं होईल का?"