घाटमाथ्यावरचे गिअरमहाराज

घाटमाथ्यावर ट्रकांची रांग लागली होती आणि माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंचावत होती. मधोमध माझ्या मेहुण्याचा ट्रक उभा होता. ट्रकच्या पोटाखाली पांढऱ्या कफनीतले गिअरमहाराज आडवे झाले होते. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते, म्हणून लोक पायांनाच नमस्कार करत होते.

"यंत्र रुसलंय!" खालून आवाज आला. "दातावर दात घासून याचा आत्मा घायाळ झालाय. मला त्याचा हुंदका ऐकू येतोय. शांत!"

सगळे शांत झाले. महाराजांनी किटलीतलं पाणी गिअरबॉक्सवर ओतलं. चर्र आवाज झाला आणि ट्रकखालून वाफेचा लोट उठला.

"गेली! बाधा गेली!" गर्दी ओरडली. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांना तर बाधेचा चेहराही दिसला.

महाराज सरपटत बाहेर आले, कफनी झटकली आणि भला मोठा दिवा लावून म्हणाले, "हा विझेपर्यंत चावीला हात लावायचा नाही. यंत्राची समाधी लागलीय."

दिव्यात तेल भरपूर होतं. समाधी यंत्राची लागली की नाही ठाऊक नाही, माझी मात्र उत्तम लागली. टाळ्यांच्या कडकडाटाने जाग आली तेव्हा ट्रक लोण्यासारखा गिअर बदलत पलीकडच्या उताराला लागला होता.

मेहुण्याचा ट्रक ऑटोमॅटिक. क्लच दाबायची भानगड नाही, गिअर आपोआप पडतात. पण हल्ली चढावर तो गचके द्यायचा. इंजिन नुसतंच किंचाळायचं आणि ट्रक जागचा हलायचा नाही. वर्कशॉपच्या मिस्त्रीने सांगितलं होतं, गिअरबॉक्स उघडून आतले झिजलेले भाग काढायचे आणि सुधारित, जास्त मजबूत भाग बसवायचे. मेहुण्याने त्यासाठी दिवसही ठरवला होता. त्या दिवसाआधीच त्याला महाराज भेटले.

"उघडलेला गिअरबॉक्स म्हणजे फाडलेलं पोट," महाराज सांगायचे. "त्यात पुन्हा पहिला जीव येत नाही." स्वतः मात्र ते साध्या क्लचच्या गाडीतून यायचे. का, हे त्यांना कुणी विचारत नसे.

आमची ही शाळेत विज्ञान शिकवते. घरीही आम्हाला त्यातून सुट्टी नसते.

"ताई, मी डोळ्यांनी बघितलंय," मेहुणा म्हणाला. "दाजीही होते तिथे."

"दाजी झोपले होते."

"शेवटी जागे झाले होते ना!"

"ट्रक चालला, हे मला मान्यच आहे," ती म्हणाली. "कशामुळे चालला, एवढंच विचारतेय."

"आता मी गिअरबॉक्स उघडणार नाही. विषय संपला."

विषय संपला नाही. काही दिवसांनी मेहुण्याचा जिवलग दोस्त, ज्याला सगळे पैलवान म्हणत, त्याच घाटातून माल घेऊन चढत होता. त्याचाही ट्रक ऑटोमॅटिक आणि तसाच गचके देणारा, त्यावरही महाराजांनी किटली रिकामी केली होती. चढावर गिअर निसटला, ब्रेक लागायच्या आत भरलेला ट्रक मागे घरंगळत गेला आणि कठडा तोडून आडवा झाला. पैलवानाचा जीव वाचला, पाय मात्र गुडघ्याखाली चिरडला.

मेहुणा आणि आम्ही दोघं दवाखान्यात गेलो तेव्हा महाराजांचा निरोप आधीच पोचला होता. पैलवानाची श्रद्धा पातळ पडली, असं त्यांचं म्हणणं.

पैलवानाची बायको पलंगाच्या कडेला बसली होती. ती कुणाकडेही न बघता म्हणाली, "उपास करून, रडून प्रार्थना केली आम्ही. श्रद्धा आणखी किती जाड करायची होती?"

बाहेर आल्यावर मेहुण्याने पार्किंगमध्ये हिला थांबवलं. मग म्हणाला, "ताई, काय करायचं ते सांग."

रविवारी आम्ही घाटमाथ्यावर पोचलो. ट्रकमध्ये फरश्या भरलेल्या होत्या. तिथे हिने हीच तक्रार असलेला दुसरा एक ड्रायव्हर गाठला. चष्मेवाला आणि पक्का संशयी. त्याने आपला ट्रक लांब एका कडेला लावला, इंजिन बंद केलं आणि पाय पसरून चहा पीत बसला. ना किटली, ना दिवा. इकडे महाराजांनी मेहुण्याच्या ट्रकची सगळी पूजा केली. दिवा विझला. मेहुण्याचा ट्रक झकास चालला, आणि चष्मेवाल्याचाही तितकाच झकास.

"महाराज, त्याला तर तुम्ही हातही लावला नव्हता!" हिने सर्वांना ऐकू जाईल असं विचारलं.

महाराज गालात हसले. "कृपेचा वारा काय एकाच बाजूने वाहतो, बाई?"

गर्दीने टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आटोपलं आपलं. पण हिने शांतपणे दुसरा प्रश्न टाकला. "मग ही कृपा चढावर टिकेल ना? तुम्ही स्वतः शेजारी बसलात तर?"

"म्हणजे काय! टिकणारच," महाराज बोलून गेले आणि लगेच म्हणाले, "पण आज माझं मौन..."

"बसा महाराज! दाखवाच यांना!" भक्तांनी त्यांना अक्षरशः उचलून केबिनमध्ये कोंबलं. मी शेजारी बसलो. काही हौशी भक्त मागे फरश्यांवर चढले. चढ हिने आधीच निवडला होता. सरळ, मोकळा, पायथ्याशी मातीचा भक्कम बांध. रस्त्याच्या कडेला चष्मेवाला चाकाखाली सारायचे लाकडी ठोकळे घेऊन उभा होता.

पहिल्यांदा ट्रक मजेत चढला. "बघा!" महाराज म्हणाले. मेहुण्याने ट्रक वळवून खाली नेला आणि न थांबता पुन्हा वर घेतला. पुन्हा खाली, पुन्हा वर. गिअरबॉक्समधल्या तेलाचं तापमान दाखवणारा काटा चढत चालला होता. तो लाल रेघेला टेकला तसा सणकून गचका बसला, इंजिन किंचाळलं आणि भरलेला ट्रक मागे सरकू लागला.

"ब्रेक!" महाराज बेंबीच्या देठापासून ओरडले. "अरे ब्रेक दाब! उतरव मला!"

मेहुण्याने ब्रेक दाबून धरला होताच. चष्मेवाल्याने ठोकळे सारले. मेहुणा घाम पुसत म्हणाला, "महाराज, मंत्र?"

"आधी उतरव!"

मागे बसलेल्या भक्तांनी हा संवाद व्यवस्थित ऐकला होता.

"आता कुणीही काहीही करू नका," ही म्हणाली. "नुसतं थांबा." सगळे रस्त्याच्या कडेला बसले. ट्रक थंड झाला आणि मेहुण्याने तो कुणाच्याही कृपेविना माथ्यावर नेला.

"श्रद्धा नाही हो, तेल पातळ झालं होतं," तिने जमलेल्यांना सांगितलं. "या गिअरबॉक्समध्ये तेलाच्या दाबानेच चकत्या एकमेकींना घट्ट धरतात. तेल तापून पातळ झालं की झिजलेल्या भागांमधून गळतं, दाब कमी होतो आणि चकत्या निसटतात. थंड झालं की काही काळ सगळं ठीक. महाराज तुम्हाला थांबवतात आणि तेल थंड होऊ देतात. वाफ म्हणजे तापलेल्या लोखंडावरचं पाणी. आणि त्यांनी जागा कुठे निवडली? घाटाच्या माथ्यावर. इथून पुढे उतारच आहे, मग चढावरचा गचका बसणार कसा?"

महाराज उत्तर देतील म्हणून सगळे वळले. महाराज क्लचच्या गाडीत बसून निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मेहुण्यासमोर गिअरबॉक्स उघडला. रबरी सील कडक होऊन तडकले होते, दाब सांभाळणाऱ्या स्प्रिंगा बसक्या झाल्या होत्या, चकत्या जळून काळ्या पडल्या होत्या. मेहुण्याने ते भाग हातात घेऊन पुन्हा पुन्हा निरखले. मिस्त्रीने सुधारित सील, जास्त ताकदीच्या स्प्रिंगा, नवे वाल्व आणि चकत्या बसवल्या. मग फरश्या भरून, तेल चांगलं तापेपर्यंत, त्याच चढावर ट्रक चालवून बघितला. एकदाही गचका बसला नाही.

त्यानंतर मेहुणा घाटमाथ्यावर ट्रक थांबवून ड्रायव्हरांना सांगू लागला, "थंड झालाय म्हणून चालतोय. बरा झालेला नाही. खाली जाऊन आधी दुरुस्त करून घ्या." काहींनी त्याला शिव्या घातल्या. काही मात्र खरोखर वर्कशॉपला गेले.

त्याने मला एकदा विचारलं, "दाजी, मी इतका मूर्ख कसा झालो?" मूर्ख तो नव्हताच. त्याने जे पाहिलं ते खरं होतं, त्याचं कारण तेवढं दुसऱ्याच्या तोंडून ऐकून घेतलं. तुमच्यासमोरही कधी असा चमत्कार घडेल. तेव्हा हात जोडण्याआधी तीच गोष्ट चमत्कार करणाऱ्याला वगळून करून बघा. त्याला राग येईल, येऊ द्या. हे एवढं पैलवानाला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर तो आज दोन्ही पायांवर चालत असता.