ताकदीचं इंजेक्शन

खांद्यापर्यंत मोजा चढवलेला हात म्हशीच्या आत होता, आणि जोतीराम मान वळवून विचारत होता, “भामामावशी, मधी रेडा दाखवला न्हाईसा न्हवं?”

मावशीनं शेजारी उभ्या नवऱ्याकडे, लालासाहेबांकडे पाहिलं. “छ्या! तुमी असताना रेडा कशाला, डॉक्टर?”

उंब्रजच्या बाजूला मोजा घालणारा प्रत्येक जण डॉक्टर असतो. जोतीराम नुसता कृत्रिम रेतनाच्या कांड्या भरणारा. पण अलीकडे त्यानं लोकांची चूक दुरुस्त करणं सोडलं होतं. म्हैस माजावर येत नाही, ही लालासाहेबांची तक्रार. बोटांना बीजांडावरची पिवळी गाठ लागली. ही गाठ म्हणजे पतसंस्थेचा चेअरमन. ती खुर्चीत असेतो वर मेंदूला निरोप जातो, ‘सगळं ठीक आहे’, आणि खाली उमेदवारी करणारी नवी बीजं जिरून जातात. एक इंजेक्शन दिलं की चेअरमन पडतो, म्हैस माजावर येते.

पोटात गाभ असला तरी हीच गाठ खुर्चीत असते. तेव्हा ती पडली, की गाभही पडतो. म्हणून आधी गर्भाची पिशवी चाचपायची. पण मावशी नाही म्हणाली होती. तसं ते इंजेक्शन खऱ्या डॉक्टरनंच द्यायचं असतं. जोतीरामनं ते देऊन टाकलं.

लालासाहेब चहाचं सांगायला घरात गेले, तशी मावशी जवळ सरकली. “मालकांम्होरं बोलता आलं न्हाई. पाटणला भावाकडं न्हेली हुती तवा रेडा दाखवलाय. दोन म्हैनं झालं. कवळ्या गाभाला दिष्ट लागती, म्हून कुनालाच बोलली न्हाई. ताकदीचंच टोचलं न्हवं?”

जोतीरामनं रिकामी सिरिंज पिशवीत सारली. “व्हय,” तो म्हणाला. “ताकदीचंच.”

रस्त्यातच त्यानं ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. “टोचलंस? मग आता काय, बस वाट बघत.” तो वाट बघत बसला. फोन वाजला की हातातला घास ताटात पडायचा. बायकोला वाटलं, ह्यांनी गुपचूप कर्ज काढून कुठं जमीन घेतली.

चौथ्या सकाळी लालासाहेबांचाच फोन आला. “डॉक्टर, म्हस माजावर आली, आरडाय लागलीया! लय गुण हाय तुमच्या हाताला. या भराय.”

गोठ्याच्या कोपऱ्यात शेणाची एक पाटी पालथी घातलेली होती. मावशी तिच्यापुढं उभी होती.

“मावशी, ते ताकदीचं न्हवतं.”

“ठावं हाय. राती गाभ पडला.” तिनं पाटीकडं पाहिलं नाही. “मीच न्हाई म्हनली. तुमी गप भरा आन जावा. त्यास्नी कळलं तर तुमाला गावात कोन उभं करंल?”

जोतीरामनं पिशवीतून काढलेला मोजा परत आत ठेवला. त्याला आपलाच आवाज अनोळखी वाटला. “मालक, जरा हिकडं येता का? पाटीखालचं दाखवायचंय.”

अंगणात चपला वाजल्या. मावशीनं तांब्या उचलला आणि भरून झाल्यासारखं त्याच्या हातावर पाणी ओतू लागली. हात आधीपासून स्वच्छच होता. तो तसाच पुढं धरून उभा राहिला.