भरलेला फळा

गुणवंतने शेवटचा बिल्ला खिळ्याला अडकवला आणि मागे सरून बत्तीघरातल्या फळ्याकडे पाहिले. आत जाताना प्रत्येकाने नेलेला बिल्ला परत आला होता; एकही खिळा रिकामा नव्हता. म्हणजे खाणीत आता कोणी नव्हते.

जुन्या भागातला कोळसा आतल्या आत पेटला होता. सकाळपासून खाणीच्या मुखातून पिवळट धूर येत होता. आग विझवायची तर हवा तोडायची, म्हणून मुखाशी विटांची भिंत चढत होती. सगळे बाहेर आले की उरलेली फट बुजवायची, एवढेच राहिले होते.

इंजिनिअर होऊन बंगालकडे कारखान्यांच्या व्यवस्थापनाचा पुढचा अभ्यास करणारा गुणवंत हा गोंडपिपरीचा पहिलाच मुलगा. प्रबंधासाठी तो उन्हाळाभर इथे आला होता. पूर्वी बाहेर येणारा प्रत्येक जण बत्तीघरात आपला बिल्ला स्वतः द्यायचा, आणि रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढायची. गुणवंतने नियम केला, की टोळीचे सगळे बिल्ले मुकादमाने आणून द्यावेत. रांग संपली. खाणीचे मॅनेजर साहेब खूश झाले. पदवी त्यांच्या शेऱ्यावर अवलंबून होती, आणि वडिलांनी तर पेढेही वाटले होते. बाजारात तुरी म्हणतात ती गत.

"साहेब, आमच्या घरचे नाई आले अजून."

दारात खाणकामगार लटारूची बायको मनकर्णा उभी होती.

"बाई, लटारूचा बिल्ला लागलाय. गेला असेल घरी."

"मंग वाहना कायले सोडून जातीन?"

तिने बोट दाखवले. आत देवीची जागा, म्हणून माणसे कडुनिंबाखालच्या शेंदरी दगडापाशी वहाणा काढून खाणीत शिरत. आता तिथे एकच जोड उरला होता.

गुणवंतने बत्तीवाल्या नवाबकडे पाहिले.

"दसरू मुकादमानं आतच जमा केले टोळीचे बिल्ले," नवाब म्हणाला. "धूर लई होता म्हने. मी कोनाचं तोंड पाह्यलं नाई, साहेब. आता पाहा लागत नाई ना."

हे आपल्याच नियमाने झाले, हे गुणवंतला कोणी सांगायची गरज नव्हती.

"फळा भरला का?" मुखापासून साहेबांची हाक आली.

बाई म्हणते म्हणून सांगावे, तर साहेब ऐकणार नव्हते. माणूस विसरतो, फळा विसरत नाही, हे गुणवंतनेच त्यांना पढवले होते. त्याने हात वर केला, लटारूचा बिल्ला काढला आणि मुठीत धरला.

"नाही साहेब. एक खिळा रिकामा आहे."

गवंड्यांचे हात थांबले. साहेब तरातरा आले, त्यांनी फळा पाहिला.

"आणि हे आत्ता सांगता? कच्ची आहे तुमची पद्धत."

"हो साहेब," गुणवंत म्हणाला.

वरच्या विटा काढल्या. दसरू आणि आणखी एक जण तोंडाला ओले फडके बांधून आत शिरले. त्यांच्या बत्त्या थोडा वेळ दिसल्या, मग दिसेनाशा झाल्या.

"ते दोघे परतले की बुजवा," साहेब गवंड्यांना म्हणाले.

"दोघं का तिघं?" नवाबने विचारले.

मनकर्णाने ते ऐकले. ती दगडापाशी गेली, खाणीकडे तोंड करून पडलेल्या वहाणा उचलल्या आणि घराच्या दिशेने वळवून ठेवल्या. मग येऊन तिने गुणवंतच्या बंद मुठीपुढे हात पसरला.

"बिल्ला द्या इकडं," ती म्हणाली. "ते आले का आपल्या हातानं देतीन."