चैत्रातली शाल

मी एक जुना चार्जर आहे. मोबाईलचा नव्हे हो, मोटारींचा! मंडणगडहून दापोलीकडे जाताना चढाच्या माथ्यावर काशीवहिनींची खानावळ लागते. तिच्या अंगणात, जांभ्याच्या चौथऱ्यावर मी उभा असतो. मित्रांनो, कीर्तनकार तरी आरती झाली की बसतात. मला तेही नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पोटात तारा, पाठीला जाळी आणि जाळीमागे पंखा. बाहेरची हवा आत घ्यायची, अंगातली आग बाहेर टाकायची, हाच माझा श्वास. मला इथे आणलं तेव्हा या वाटेवर माझ्यासारखा दुसरा कोणी नव्हता. विजेच्या गाडीतून येणारी माणसं मला बघून हात जोडायची, शेजारी उभी राहून फोटो काढायची. गाडी भरेपर्यंत आत गरम घावणे खायची. काशीवहिनी आपल्या यजमानांना, महिपतदादांना, म्हणायच्या, "हा खांब नाय ओ, घरातला कमावता माणूस हाय."

मग दिवस पालटले. माझ्या दोन वायरींपैकी एकीवरून ट्रक गेला, ती कायमची मेली. दुरुस्तीचा माणूस यायचा बंद झाला. पावसाने कडा गंजल्या, उन्हाळ्यात जाळीत लाल धूळ बसली. गाडी हळू भरू लागली की लोक मला थापडा मारत. पण फोनच्या नकाशावर मी अजून तसाच हिरवागार ठिपका होतो! लांबचा प्रवास ठरवणारी माणसं घरी बसून त्या ठिपक्यावर बोट ठेवतात आणि म्हणतात, इथे चहा, इथे चार्जिंग, पुढे मुक्काम. ठिपका दमलाय का, हे त्यांना कुठून कळणार?

असाच एक बेत नाशिकच्या मनस्वीने आखला होता. तिचा नवरा विनीत, आणि विनीतच्या आत्या म्हणजे दापोलीजवळच्या मुरुडच्या कीर्तनकार गुणवंतीबाई. घशाच्या उपचारासाठी त्या सध्या भाच्याकडे राहत होत्या. मुरुडच्या रामाच्या देवळात रामनवमीचं जन्माचं कीर्तन कित्येक वर्षं त्यांचंच. बरोबर बाराला जन्म, पाळणा, सुंठवडा. डॉक्टरांनी बजावलं होतं, हे एवढं करा, मग गळ्याला कायमची विश्रांती. पुढच्या वर्षीपासून त्यांची शिष्या रुचिरा उभी राहणार होती. म्हणजे हा बाईंचा शेवटचा रामजन्म.

मनस्वीने फार जपून आखणी केली होती. पनवेलला रात्रीचा मुक्काम आणि पूर्ण चार्जिंग, घाटांसाठी थोडी जास्तीची वीज हिशेबात धरलेली, मग मी, आणि माझ्यानंतर थेट देऊळ. माझ्यापुढचा थांबा तिने शोधलाच नव्हता. इतका तिचा माझ्यावर भरवसा!

आता इकडे काय झालं ते ऐका. रामनवमीच्या सकाळी काशीवहिनी घराला पोसणाऱ्या प्रत्येक वस्तूला मान देतात. चुलीला हळदकुंकू, पाट्यावरवंट्याला फूल. मला काय द्यावं? त्यांना कीर्तनाचं भारी वेड. कीर्तनकाराला शाल घालतात, हे त्यांनी डोळे भरून पाहिलेलं. त्यांनी ट्रंकेतली लोकरी शाल काढली, माझ्या पाठीवरून घट्ट लपेटली आणि पुढे गाठ मारली. "आज तुजा पन सत्कार," म्हणाल्या. केवढी ती माया! पण माझा श्वास कोंडला.

थोड्याच वेळात गाडी आली. घाट चढून तिची वीज सरत आली होती. विनीतने वायर जोडली. मी होतं नव्हतं ते बळ लावलं. अंग तापत गेलं, लाल दिवा लागला आणि मी बंद पडलो. त्याने पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच.

"नकाशात तर चांगला दाखवत होता!" मनस्वी रडकुंडीला आली.

"नकाशातला काय सांगतंस गो? माजा पन लग्नातला फोटो भिंतीवर हाय. तशी दिसत्ये काय मी आता?" काशीवहिनी म्हणाल्या.

विनीतने रिक्षाची चौकशी केली. महिपतदादांनी मान हलवली. "रिक्षा आज सगळ्या लग्नाच्या भाड्याला. माजा टेंपो काजू घेऊन दापोलीस गेला. यष्टी दुपारची."

"तरी मी म्हणत होतो, दुसरी गाडी भाड्याने घेऊ," विनीत पुटपुटला.

"कधी म्हणत होतास? मी हे सगळं ठरवत होते तेव्हा तू घोरत होतास!"

गुणवंतीबाई बाकावर बसून गरम पाण्याचे घोट घेत होत्या. गळा जपायचा म्हणून बोलत नव्हत्या. त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या, अंगाला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"अगं बाई, याला शाल कुणी घातली?"

"मीच घातली बाय. सत्कार केला," काशीवहिनी कौतुकाने म्हणाल्या.

"काशीबाई, चैत्रात मलाही अशीच शाल घालतात. तेव्हा मनात एकच येतं, रामराया, आता हिच्यातून सोडव! मी निदान घाम पुसते. यानं काय करावं?"

काशीवहिनींनी जीभ चावली आणि घाईघाईने गाठ सोडली. महिपतदादांनी गोठ्यावरचा झावळ्यांचा झाप आणून माझ्यावर सावली केली. पण तापलेलं अंग असं लगेच निवतं का? मी धापा टाकत, थांबत थांबत गाडी भरत राहिलो. ऊन चढत गेलं. मनस्वी सारखी घड्याळ बघत होती, बाई एकदाही बघत नव्हत्या.

रुचिराचा फोन आला. बाई शांतपणे म्हणाल्या, "तू पूर्वरंग सुरू कर. मी येतेच आहे." जेमतेम पुरेल एवढी वीज झाली आणि गाडी निघाली.

मित्रांनो, आम्हां थांब्यांना प्रवासाचा शेवट कधी कळत नाही. बाराला काशीवहिनींनी घरातल्या रामावर फुलं उधळली. मी मात्र रस्त्याकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तिघं परत नाशिकला जाताना थांबली. काशीवहिनींनी धावत जाऊन विचारलं, "पोचलात काय बाय येळेवर?"

"पोचले की, बाराच्या आत पोचले. पण रुचिरा जन्माच्या आख्यानात रंगली होती. नारदाच्या गादीवर उभं राहिलेल्या माणसाला कुणी मधेच बाजूला करत नाही. मला बघून ती थांबायला लागली. मी हातानेच खुणावलं, चालू दे."

"मग तुमी ओ?"

"मी मागे उभी राहून झांज धरली. पाळण्याची दोरी ओढली." बाईंनी चहाचा एक घोट घेतला. "गोड गायली पोर. जन्माला माझ्याहून वरचा सूर लावला."

"आत्या, मी आणखी एक थांबा बघून ठेवायला हवा होता," मनस्वी खाली बघत म्हणाली.

"अगं, दोरी हातात आली ती तुझ्यामुळे. चहा घे, निवतोय."

मग बाईंनी महिपतदादांना माझी वीज बंद करायला सांगितली, कोरडं फडकं मागितलं आणि माझ्या पाठीची जाळी पुसायला घेतली. एकेका फटीतली लाल माती त्या हळूहळू काढत होत्या. फडकं दोनदा झटकावं लागलं.

म्हणून सांगतो मित्रांनो, प्रवासाचा बेत करताना नुसत्या ठिपक्यावर विसंबू नका. आधी फोन करून विचारा, तो बरा आहे ना. आणि दाराशी राबणाऱ्या वस्तूला मान द्यायचा असेल, तर तिची धूळ पुसा, तिला मोकळा श्वास घेऊ द्या.

जाळी पुसून झाल्यावर त्या दिवशी मी एकदाही न थांबता गाडी काठोकाठ भरून दिली. पण आता घाई कोणालाच नव्हती.