पारूबाईची मधपेटी

मित्रांनो, मी एक जुनी मधपेटी आहे. उदगीरच्या पुढे, लेंडी नदीच्या काठी वसलेल्या एका खेड्यात, पारूबाईच्या परसात शेवग्याखाली मी उभी आहे. जवळ आलात तर माझ्या फळ्यांना एक वास येईल. तो नुसता मधाचा नाही, कोंबड्यांचाही आहे. त्याची मला लाज वाटते आणि रागही येतो. राग कोंबड्यांवर नाही. त्यांनी मला नऊ वर्षे वापरले, पण निदान मनापासून वापरले. माझा राग माणसांवर आहे आणि थोडा स्वतःवरही. तो कशाचा, हे कळायला सगळे पहिल्यापासून ऐकावे लागेल.

माझे लाकूड किनवटच्या रानातले, सागाचे. रामकिशन नावाच्या सुताराने मला घडवले. त्याने स्वतः कधी मधमाशा पाळल्या नव्हत्या, पण हातातला नमुना पाहून तो तासन् तास मोजमाप करीत बसायचा. माझ्या पोटात आठ चौकटी. दोन चौकटींमध्ये माशीला फिरता येईल एवढीच जागा. पुढच्या बाजूला तळाशी एक अरुंद फट, तेच माझे दार. त्यातून माशीला ये-जा करता यावी, पण पालीला शिरता येऊ नये, एवढे ते नेमके. रंधा मारून झाल्यावर रामकिशनने माझ्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "आता तुझ्यात कुणीबी सुखानं नांदंल." ते शब्द मी खरे मानले. सत्तर साली मी नवीकोरी होते आणि मला जगाची काहीच माहिती नव्हती.

त्या वर्षी तालुक्याच्या गावी माशा पाळण्याचे दहा दिवसांचे शिक्षण झाले. शिकायला अकरा जण होते, त्यांत बाई एकटीच, ती पारूबाई. शेवटच्या दिवशी तिला मी मिळाले आणि माझ्यासोबत सातेरी जातीच्या मधमाशांचे एक मोहोळ. तिचा नवरा निवृत्ती गावच्या शाळेत शिपाई होता. एसटीच्या थांब्यापासून घरापर्यंत त्याने मला डोक्यावरून नेले. वाटेत लोक हसत होते. कोंबड्या पाळतात, शेळ्या पाळतात, या बाईने माशा पाळल्या, असे म्हणत होते. निवृत्तीही त्यांच्याबरोबर हसत होता, पण डोक्यावरचा भार त्याने तसूभरही हलू दिला नाही.

पारूबाईचे परस म्हणजे घराच्या मागची एवढीशी जागा. पण तिथे काय नव्हते? कुंपणावर दोडका आणि कारले, छपरावर भोपळ्याचा वेल, न्हाणीच्या पाण्यावर वांगी आणि मिरच्या, एका कोपऱ्यात पपई, कडेने झेंडू. खाली नऊ कोंबड्या उकरत फिरायच्या. त्यांतली कवडी नावाची ठिपक्यांची कोंबडी सगळ्यांत आगाऊ. माझे चार पाय पाण्याने भरलेल्या चार वाट्यांत ठेवलेले असत, म्हणजे मुंग्या वर चढत नसत. कवडी येऊन नेमके त्याच वाट्यांतले पाणी प्यायची.

पारूबाई रोज सकाळी माझ्या फळीला कान लावायची. आतली गुणगुण ऐकून तिला सगळे कळायचे. राणी आहे की नाही, माशा भुकेल्या आहेत की तृप्त, सारे काही. पहिला मध निघाला तेव्हा तिने वस्तीतल्या प्रत्येक घरी वाटीभर नेऊन दिला. वेलांना दुप्पट फळ धरले. ज्यांनी थट्टा केली होती तेच लोक आता पोरांना खोकला झाला की वाटी घेऊन दारात यायचे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सुखाची वर्षे ती दोनच.

बहात्तर साली पाऊस आला नाही. आधीच्या सालीही त्याने हात आखडताच घेतला होता. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तर नदीच्या पात्रात माणसे वाळू उकरून पाणी शोधू लागली. वस्तीचा आड आटला. गावात फक्त हणमंतरावांच्या मळ्यातल्या विहिरीला पाणी उरले. गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीच्या बायकांना त्या विहिरीला हात लावता येत नसे. त्यांचा गडी पाणी शेंदायचा आणि बायकांच्या घागरीत वरून ओतायचा. घरटी चार घागरी, त्याहून एक लोटाही जास्त नाही.

चार घागरींत माणसे जगतात, परस जगत नाही. दोडका वाळला, कारले वाळले, वांग्यांची पाने कागदासारखी वाजू लागली. कोंबड्यांपैकी चार उरल्या. माझ्या पायांखालच्या वाट्यांत पाण्याच्या जागी राख आली. पारूबाई दिवस उगवायच्या आत दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि दिवस मावळताना परत यायची.

माशांनाही पाणी लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. उन्हाळ्यात त्या पाण्याचे थेंब आणून आत शिंपडतात आणि पंखांनी वारा घालून घर गार ठेवतात. माझ्या माशा पाणी शोधत हणमंतरावांच्या विहिरीवर जाऊ लागल्या. तिथे बैलांसाठी बांधलेला हौद होता. त्याच्या काठावर माशांचा थर बसायचा. बैल बिथरू लागले. एका गड्याच्या ओठाला माशी चावली. मग हणमंतरावांनी पारूबाईला विहिरीवर सगळ्यांसमोर सुनावले.

"पारू, तुमच्या वस्तीला पाणी देऊन राहिलो ते मानुसकी म्हणून. वरून तुझ्या माशांनाबी पाजायचं का?"

पारूबाईने माशा वळवायला आठ दिवसांची मुदत मागितली. ती त्यांनी दिली.

त्या आठ दिवसांत तिने जे केले ते मला अजून जसेच्या तसे आठवते. आपल्या वाट्याच्या पाण्यातले एक तांब्याभर पाणी ती रोज माझ्यासमोर परातीत ओतायची. माशा बुडू नयेत म्हणून परातीत खडे ठेवायची. कोंबड्यांनी तोंड घालू नये म्हणून भोवती बाभळीच्या काट्या रचायची. त्या कामासाठी तिने अंघोळ सोडली, ओल्या फडक्याने अंग पुसून ती कामावर जायची. पहिले चार दिवस एकही माशी परातीकडे फिरकली नाही. माशांना एकदा एका पाणवठ्याची सवय लागली की त्या दुसरीकडे वळत नाहीत. अगं, दारातच आहे पाणी, असे मला ओरडून सांगावेसे वाटे. पण पेटीला तोंड कुठले? पाचव्या दिवशी तिने पाण्यात चिमूटभर मीठ आणि बोटाला लागेल एवढा गूळ घातला. एक माशी उतरली. सहाव्या दिवशी वीसेक. आठव्या दिवशी परातीतले सगळे खडे माशांनी झाकून गेले. पारूबाई कामावरून आली आणि ते पाहून तिथेच परातीपाशी जमिनीवर बसली.

आता सगळे ठीक झाले, असे मला वाटले. मी मूर्ख होते.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच कामावर गेली. सकाळी शाळेच्या ओट्यावर हणमंतरावांनी निवृत्तीला गाठले. हौदावर अजून माशा आहेत, मुदत संपली, आता एक जरी दिसली तर उद्यापासून तुमच्या वस्तीच्या घागरी रिकाम्या परत जातील, असे ते म्हणाले. एका घराच्या नव्हे, साऱ्या वस्तीच्या. निवृत्ती घाबरला. वस्तीत चाळीस घरे होती, तान्ही लेकरे होती. तो घरी आला तेव्हा ऊन माथ्यावर यायला लागले होते. त्याने एक चिंधी घेतली, मूठभर चिखल कालवला आणि माझे दार लिंपून टाकले.

तो वाईट माणूस नव्हता. संध्याकाळी पारूबाई आली की काढू, असेच त्याच्या मनात होते. लिंपताना तो माझ्याशीच बोलावे तसे हळूच म्हणाला, "एकच दिवस. तेवढं सोसा."

वैशाखाचे ऊन होते. शेवग्याला पान उरले नव्हते, त्यामुळे सावलीही नव्हती. आत हजारो माशा दाराकडे धावल्या. त्यांनी पंखांनी वारा घातला, पण बाहेरची हवा येईना, पाणी येईना. दुपारी मेण मऊ झाले. एकेक पोळे चौकटीतून निसटून खाली पडले आणि त्याखाली माशा दबल्या. आधी गुणगुणीचा आवाज एवढा वाढला की माझ्या फळ्या थरथरल्या. मग तो कमी कमी होत गेला. एका टीचभर चिंधीपुढे मी, सागाची पेटी, काही करू शकले नाही. ज्यांच्या सुखासाठी मला घडवले, त्यांना माझ्याच पोटात कोंडून मारले गेले.

संध्याकाळी पारूबाईने टोपले खाली ठेवले आणि नेहमीसारखा माझ्या फळीला कान लावला. बराच वेळ तिने तो तसाच ठेवला. मग तिला चिखल दिसला.

"दार कुनी लिंपलं?"

"म्या," निवृत्ती म्हणाला. "पानी बंद करनार होते. समद्या वस्तीचं."

"मला इचारायचं तरी."

तिने झाकण काढले आणि मेलेल्या माशा ओंजळीने सुपात भरल्या. कोंबड्या धावत आल्या आणि सुपात चोची मारू लागल्या. जिने कधी कोंबडीवर खडाही उगारला नव्हता, त्या पारूबाईने कवडीला काठीने हाकलले. माशा तिने शेवग्याच्या मुळाशी पुरल्या.

खरी चीड तर पुढे आहे. दुसऱ्या दिवशी हौदावर तेवढ्याच माशा होत्या. त्यानंतरही होत्या. कुठल्या तरी रानातल्या त्या माशा तहानेने तिथे येत होत्या. पारूबाईच्या माशा कधीच्या आपल्या परातीवर वळल्या होत्या. हणमंतरावांना हे कळले तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे तुझ्या नव्हत्याच म्हन की." आणि ते बैलांना वैरण टाकायला गेले. पाणी त्यांनी चालू ठेवले. माझ्या रिकाम्या पोटाबद्दल कुणी काही बोलले नाही.

पुढे पाऊस आला, परस हिरवे झाले, पण माझ्यात माशा आल्या नाहीत. कवडीने माझ्यात पहिले अंडे घातले आणि मग ती माझी मालकीणच झाली. माझ्या आठ चौकटींपैकी एक आरशाला लागली, दोन पावसाळ्यात चुलीत गेल्या. पारूबाई पहाटे उठून भोपळ्याच्या नर फुलांनी मादी फुलांना परागकण लावत बसायची, माशांचे काम ती आपल्या बोटांनी करायची. निवृत्ती ते ओसरीवरून पाहायचा आणि मान खाली घालायचा. त्या दिवसाबद्दल दोघे पुन्हा बोलले नाहीत.

ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला. आता सगळे जवळ आले, असे सगळे म्हणू लागले. पारूबाईने मोहोळ मिळावे म्हणून अर्ज केला. जुन्या जिल्ह्याच्या गावी गेली तर तिथला कारकून म्हणाला, तुमचा तालुका आता लातूरकडे. लातूरला गेली तर दुसरा म्हणाला, तुमचे कागद अजून तिकडून आले नाहीत. तिसऱ्या खेपेला पेटीचा नंबर पाहायचा म्हणून तिला मलाच घेऊन यायला सांगितले. तिने मला घासून धुतले आणि एसटीच्या टपावर चढवले. ऑफिसच्या व्हरांड्यात मी दुपारपर्यंत बसून होते. मग एका साहेबांनी येऊन मला बुटाच्या टोकाने जरा फिरवले आणि म्हणाले, "बाई, हिचं तर खुराडं झालंय. हिच्यात माशा कशा द्यायच्या?"

तिने मला पुन्हा एसटीच्या टपावर चढवले आणि घरी आणले.

त्याच हिवाळ्यात नव्या जिल्ह्याला जोडणारा रस्ता रुंद करायला घेतला. शाळेसमोरचे जुने कडुलिंबाचे झाड पाडले तेव्हा त्याच्या ढोलीत सातेरीचे मोहोळ निघाले. मजूर पलिते पेटवू लागले. निवृत्ती शाळेतून धावत गेला आणि ढोलीला पाठ लावून उभा राहिला. "थांबा जरा. माझी बाई येऊ द्या," तो म्हणाला.

त्याने मला पुन्हा डोक्यावरून नेले. या वेळी त्याचे केस पांढरे झाले होते. पारूबाई पुढे झाली तेव्हा तो म्हणाला, मला करू दे, तू फक्त सांग. मग ती मागे उभी राहून सांगत गेली आणि त्याने उघड्या हाताने ढोलीतली पोळी कापली, केळीच्या सोपटाच्या दोरीने माझ्या उरलेल्या पाच चौकटींना बांधली, आणि राणी असलेला माशांचा घोळका ओंजळीत धरून आत सोडला. त्याच्या हातांना, मानेला, पापणीला माशा चावल्या. त्याने हात मागे घेतला नाही.

सगळे झाल्यावर तो झाकण हातात घेऊन थांबला.

"लावू का?" त्याने विचारले.

पारूबाईने त्याच्या सुजलेल्या डोळ्याकडे पाहिले. "लावा," ती म्हणाली. आणि मग म्हणाली, "लई दिस लावले तुमी."

तीन दिवस माशा आत-बाहेर घुटमळत होत्या. चौथ्या दिवशी त्या पायांवर पिवळे परागकण घेऊन परतल्या, तेव्हा त्या राहणार हे पारूबाईला कळले. त्या अजून आहेत. वर्षभराने तेच साहेब आले, माझ्यावर पांढऱ्या रंगाने नवा नंबर घातला आणि नव्या जिल्ह्यातली चालू पेटी म्हणून मला वहीत लिहून घेऊन गेले. या गोष्टीचा मला अजूनही संताप येतो.

मित्रांनो, माझ्या फळ्या आता भेगाळल्या आहेत आणि मला फार दिवस उरलेले नाहीत. तुमच्याकडे माझे एक मागणे आहे. उन्हाळ्यात अंगणात एक पसरट भांडे पाण्याने भरून ठेवा, त्यात खडे टाका आणि पहिले चार दिवस कुणी आले नाही म्हणून ते उचलू नका. आणि ज्यांना बोलता येत नाही अशांचे काही बंद करायचे असेल, तोडायचे असेल, तर त्यांना जो ओळखतो त्याला आधी शोधा. तो खडी फोडायला गेला असेल तर संध्याकाळपर्यंत थांबा.