दोन शिक्षकांमधला फळा

एका दुकानाला दोन मालक असले, तर शेठ, तुम्ही विश्वास कोणावर ठेवाल?

मी फळा बोलतोय. माझा जन्म गडब गावच्या किराणा दुकानातला. माझ्यावर तांदळाचे भाव लिहायचे. मालक दोघे भाऊ. एकदा जेवायला जाताना याला वाटलं तो शटर ओढेल, त्याला वाटलं हा. शेळ्या आत शिरून डाळ खाऊन गेल्या! पुढे दुकान मोडलं आणि मला रोह्याकडच्या एका शाळेला देऊन टाकलं.

इथेही वर्ग एक, शिक्षक दोन. प्रशिक्षणात ठरलेलं, एकाने शिकवायचं, दुसऱ्याने मुलांत फिरून अडलेल्याला हात द्यायचा. ऋत्विक सर माझ्यापाशी, चंद्रावतीबाई मुलांत. पाहुणे आले की म्हणत, “काय जोडी जमलीय!” मलाही तसंच वाटायचं.

आदिवासीवाडीवरची स्वप्नाली मागे बसे. तिचा बाप मंगळ्या दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाई. सरांना म्हणाला, “पोर वाचाया लागली तर आजीकडं ठेवतो. नायतर संगती नेतो.”

सरांनी विचारलं की स्वप्नाली घडाघडा वाची. सर खूश. बाई तिच्या शेजारीच असत, हे मला दिसे. पण मला कोण विचारतो?

दिवाळीच्या तोंडावर बाई रजेवर गेल्या. सरांनी तिला माझ्यापाशी बोलावलं. “नदीवर पूल आहे”, एवढंच लिहिलेलं. तिने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि मागे वळून बाईंना शोधू लागली.

“सर, तिला बाई लागतात!” पोरं खिदळली.

“काल तर वाचत होतीस गो?” सरांनी विचारलं.

“बाई कानात सांगत व्हत्या.”

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही.

दिवाळीनंतर बाई परतल्यावर दोघांची जुंपली. “तुम्ही तिला वाचायला शिकवताय असं मी धरून चाललो!”

“शिकवणारे तुम्ही, सर. ती रडू नये म्हणून मी नुसतं सांगत होते.”

तोवर पोरीला वाचता येत नाही हे कळून मंगळ्या तिला घेऊन भट्टीवर गेला होता. भांडणात जिंकलं कोण, ते मला कळलं नाही.

आता मी व्हरांड्यात भिंतीला टेकून आहे. वर्गात मोठा पडदा आलाय. शिक्षक तेच दोघे, पाहुणे अजून कौतुक करून जातात.

तुम्ही कधी दोघांनी मिळून वर्ग घेतलात, तर शाळा सुटल्यावर समोरासमोर बसा. कोणतं पोर स्वतः वाचतंय आणि कोणाला आपण वाचून दाखवतोय, याचा हिशेब मांडा. आणि बाबांनो, तो खरा मांडा.